आईचा घास अडकतोय. हे थायरॉइडमुळेच असेल का? (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची आहे, पंचवटीत राहते. गेल्या काही महिन्यांपासून घास अडकतो म्हणते. सुरुवातीला फक्त बाजरीच्या भाकरीचं व्हायचं, आता पोळीचंही होतं. वरणभात, ताक, चहा व्यवस्थित उतरतं. अडकलं की ती कंठाच्या जरा खाली बोट टेकवते, पाण्याचा घोट घेते, मान पुढे काढते आणि मग तो घास सरकतो. दुखत नाही म्हणते. पण लग्नाकार्यात पंगतीला बसायचं टाळायला लागली आहे, "तुम्ही जेवा, मी घरी जाऊन खाते" म्हणते. तेच बघवत नाही.

फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढतो तो आकडा) ९.४ आला. थायरॉइड आहे, गोळी सुरू करा, घसा मोकळा होईल, असं सांगितलं. गोळी सुरू करून दोनेक महिने झाले. टीएसएच आता ठीक आहे, घास मात्र तसाच अडकतो. मावशीच्या मते गलगंड, शेजारच्या काकूंच्या मते ॲसिडिटी, आणि मामा म्हणतो मनावर घेतलंय तिने. कुणाला असा अनुभव आहे का? पुढे कोणाला दाखवावं?

सिडकोवाला

ताई, आधी ॲसिडिटीचंच बघा. मिसळ, चहा, रात्री उशिरा जेवण, नाशकात घरोघरी हेच आहे. सकाळी उपाशीपोटीची गोळी महिनाभर देऊन बघा. माझी स्वतःची कथा वेगळी आहे, ती नंतर लिहितो.

घसाडॉक्टर

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, इथेच नाशिकमध्ये असतो. इथे बसून निदान करता येत नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

ताई, टीएसएचचा आकडा आणि घास अडकणं यांची सांगड इतकी सरळ नसते. थायरॉइडची ग्रंथी मानेच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेला बिलगून असते, आणि अन्ननलिका त्या दोघींच्या मागे, किंचित डावीकडे. ग्रंथी फुगली, तिच्यात मोठी गाठ झाली किंवा ती वाढत वाढत छातीच्या हाडामागे उतरली, तर अन्ननलिका दाबली जाते. दाब पडतो तो ग्रंथीच्या आकाराचा, रक्तातल्या आकड्याचा नाही. टीएसएच अगदी नॉर्मल असूनही गलगंडाने घास अडकू शकतो, आणि टीएसएच २० असलेल्याची ग्रंथी सुकून एवढीशी झालेली असू शकते. थायरॉइडची तीव्र कमतरता बरीच वर्षं अंगावर काढली तर अन्ननलिकेची हालचाल मंदावते, हे खरं आहे. पण ९.४ ला त्याचा दोष देणं मला पटत नाही. गोळीने आकडा सुधारला पण घास अडकणं थांबलं नाही, यावरून तरी दुसरं कारण शोधायला हवं.

घरच्या घरी एक बघता येईल. आईंना उजेडात खुर्चीवर बसवा, हनुवटी जरा वर करायला सांगा आणि पाण्याचा घोट गिळताना कंठाखालची जागा बाजूने न्याहाळा. थायरॉइडची गाठ गिळताना वर सरकते आणि पुन्हा खाली येते. असं काही दिसलं तर मानेची सोनोग्राफी करून घ्या. नाही दिसलं तरी ती करायला हरकत नाही, पण केवळ सोनोग्राफीवर थांबू नका.

आता मला खरं तर हे विचारायचंय. घास गिळायला सुरुवात करतानाच अडतो, की गिळून झाल्यावर काही क्षणांनी छातीत थांबल्यासारखा वाटतो? ठसका लागतो का, नाकातून पाणी येतं का? पातळ पदार्थ अगदी पहिल्यापासून नीट जातायत ना? वजन घटलंय का, आवाज बदललाय का? तंबाखू, मिसरी? आणि हिमोग्लोबिन किती आहे?

घट्ट पदार्थ अडकतो आणि पातळ जातं, तेव्हा वाट कुठेतरी अरुंद झालेली असते. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडकतात, तेव्हा वाट मोकळी असून नळीचे स्नायू किंवा नसा नीट काम करत नसतात. आधी भाकरी, मग पोळी, मग मऊ भात आणि शेवटी पाणी, असं काही आठवड्यांत सरकत गेलं तर एक दिवसही थांबू नये, कारण अन्ननलिकेचा कर्करोग असाच वाढतो. आईंचं भाकरीवरून पोळीवर आलं आहे, म्हणून तपासणी लवकर व्हावी असं मी म्हणेन. घाबरवायचं नाही. अरुंद वाटेची साधी, पूर्ण बरी होणारी कारणं कितीतरी आहेत.

निफाडकर

आमच्या सौ.चं नेमकं उलटं झालं. टीएसएच दरवेळी नॉर्मल, त्यामुळे "थायरॉइड नाही तुम्हाला" हेच ऐकत आलो. मानेवर बाहेरून फारसं काही दिसायचंही नाही.

आमची द्राक्षबाग आहे. विरळणीच्या वेळी बायका मांडवाखाली उभ्या राहून हात वर करून तासन्‌तास घड विरळतात. त्या कामात हिचा चेहरा लालभडक व्हायचा, मानेच्या शिरा टरारून यायच्या, जीव घुसमटल्यासारखा वाटायचा. हात खाली घेतले की पाच मिनिटांत ठीक. उन्हामुळे होत असेल असं सगळ्यांना वाटायचं. मग जेवताना घास अडकायला लागला आणि उताणं झोपलं की श्वासाला त्रास. शेवटी एका सर्जनने तिला दोन्ही हात कानाला लावून मिनिटभर वर धरायला सांगितले आणि चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथल्या तिथे म्हणाले, सीटी स्कॅन करा. गलगंड छातीच्या हाडामागे उतरला होता, श्वासनलिका एका बाजूला ढकललेली होती.

ऑपरेशन झालं. गाठ कर्करोगाची नव्हती. नंतर काही आठवडे आवाज बसलेला होता, आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या यायच्या, कॅल्शियम उतरल्यामुळे. गोळ्यांनी ते थांबलं. आज ती पुन्हा बागेत विरळणी करते.

घसाडॉक्टर

निफाडकर, फार मोलाचं लिहिलंत. हात वर करून बघायच्या त्या तपासणीला पेंबर्टनची चाचणी म्हणतात. हात वर गेले की छातीच्या तोंडाशी जागा आवळते, आणि तिथे गलगंड बसलेला असेल तर शिरा आणि श्वासनलिका दाबल्या जातात. तुमच्या भागातल्या बायकांना हे बागेतच कळून येऊ शकतं, म्हणून हा प्रतिसाद सगळ्यांनी वाचावा.

एक भर घालतो. थायरॉइडमध्ये गाठ निघाली म्हणून कुणी हाय खाऊ नये. बहुसंख्य गाठी साध्या असतात. सोनोग्राफीत गाठीचं रूप बघून, गरज वाटली तर बारीक सुईने पेशी काढून तपासतात. गाठीबरोबर आवाज घोगरा झाला असेल, ती दगडासारखी कडक असेल, भराभर वाढत असेल किंवा मानेत बाजूलाही गाठी लागत असतील, तर मात्र ताबडतोब दाखवावं.

शब्दसखी

मामांच्या "मनावर घेतलंय"बद्दल लिहावंसं वाटलं. माझ्या वडिलांच्या आजारपणात माझ्या घशात सतत गोळा अडकल्यासारखा वाटायचा. थुंकी गिळताना तर जास्तच. पण जेवायला बसलं की काहीही अडकायचं नाही, उलट तेवढा वेळ बरं वाटायचं. दुर्बिणीने घसा बघितला, सगळं साफ होतं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की हा त्रास खरा असतो, स्नायू आवळल्यामुळे होतो, काही जणांत आम्लपित्तही असतं, आणि यात जिवाला धोका नसतो. ते ऐकूनच निम्मं उतरलं.

ताईंच्या आईचं मला तसं वाटत नाही, कारण त्यांचा प्रत्यक्ष घास अडकतोय. बायकांच्या तक्रारीला "मनाचं" म्हणून मोडीत काढायची सवय वाईट आहे. तपासण्या झाल्याशिवाय तो शिक्का कुणी मारू नये.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. घास गिळता गिळताच अडतो, छातीत नाही, वर गळ्यातच. ठसका क्वचित. पाणी नेहमीच नीट जातं. वजन थोडं कमी झालंय, पण ती खातेच कमी. तंबाखू, मिसरी कधीच नाही. गिळताना बघितलं, मानेवर काही हललेलं दिसलं नाही. सोनोग्राफीत ग्रंथी किंचित मोठी, गाठ नाही.

हिमोग्लोबिन तपासलेलंच नव्हतं. काल केलं, ७.६ आलं. आणि आता लक्ष दिल्यावर दिसतंय की तिची नखं मध्ये खोलगट झाली आहेत, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील अशी. जीभ गुळगुळीत, तोंडाचे कोपरे चिरलेले. जिना चढताना धाप लागते ती वयामुळे असं आम्ही धरून चाललो होतो.

घसाडॉक्टर

ताई, हे वाचून माझा अंदाज बराच पक्का झाला. लोह फार कमी झालं की काही जणांत, विशेषतः मध्यमवयीन स्त्रियांत, अन्ननलिकेच्या अगदी वरच्या टोकाला पातळ पडद्यासारखी घडी तयार होते. पाणी तिच्या बाजूने निघून जातं, भाकरीचा घास तिथे थबकतो. प्लमर-विन्सन म्हणतात या आजाराला.

दुर्बिणीआधी बेरियमचा एक्सरे करून घ्या. पांढरं औषध प्यायला देतात आणि गिळतानाचे फोटो काढतात. बाजूने काढलेल्या फोटोत तो पडदा पुढच्या बाजूने आत आलेला दिसतो. थेट दुर्बीण घातली तर पडदा फाटून जाऊ शकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून हा क्रम. दुर्बीण मात्र नंतर करायचीच. सिव्हिलला किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजला कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवलंत तरी चालेल. महात्मा फुले आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, योजनेत काय काय होतं ते त्याला आधी विचारा.

सिडकोवाला

डॉक्टर, मी वर ॲसिडिटीचं सुचवलं होतं, पण या माहितीनंतर ताईंनी तुमचंच ऐकावं. आता माझी कथा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी तिशीतला, सातपूरला कंपनीत आहे. मला पाणीसुद्धा अडकायचं, अगदी पहिल्या दिवसापासून. जेवताना मध्येच उभं राहून, छाती ताणून, वर पाणी ओतून घास खाली ढकलायचो. रात्री आडवं झालं की न पचलेलं अन्न तोंडात यायचं, आंबट नाही, जसंच्या तसं, आणि सकाळी उशी ओली. खोकला वेगळाच. काही वर्षं ॲसिडिटीच्याच गोळ्या खाल्ल्या. एकदा दुर्बीणही नॉर्मल आली. मग एका पोटविकार तज्ज्ञाने मॅनोमेट्री करायला लावली. नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजतात. त्यात निघालं अचलेशिया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप घास आला की उघडायची ती उघडतच नाही.

पोएम नावाची प्रक्रिया केली. तोंडातून दुर्बीण घालूनच आतला स्नायू कापतात, पोटावर टाके नाहीत. जपानमध्ये २००८ पासून हे करू लागले म्हणे. आता घास सरळ उतरतो. ॲसिडिटी मात्र त्यानंतर थोडी वाढली, त्याची गोळी चालू आहे. घट्ट आणि पातळ दोन्ही अडकत असेल तर "दुर्बीण नॉर्मल आली" यावर समाधान मानू नका.

कळवणची_नर्स

आमच्याकडे आदिवासी पाड्यांवर मिसरी लावणाऱ्या आज्या खूप. घास अडकला की पेज प्यायला लागतात, मग पेजही अडकली की दवाखान्यात येतात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. गुटखाबंदी २०१२ मध्ये आली तरी पुड्या मिळतातच. गुटख्याने तोंड उघडेनासं होतं ते लोकांना दिसतं, अन्ननलिकेतलं दिसत नाही. पन्नाशीपुढच्या, तंबाखू किंवा मिसरी लावणाऱ्या कुणाचाही घास अडकत असेल तर काढे, भस्मं यात एक महिनाही घालवू नका, हे हात जोडून सांगते. एका बाजूचा कान दुखतोय आणि कानात काहीच सापडत नाही, तेव्हाही घसा तपासून घ्या.

गोदाकाठची

बेरियमच्या फोटोत पडदा दिसला. डॉक्टरांनी जसा सांगितला तसाच, बारीक रेघ. दुर्बिणीने ती जागा रुंद केली, बाकी अन्ननलिका चांगली आहे. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) ५ आलं, फारच कमी. आता लोह द्यायचंय. दोन शंका आहेत. थायरॉइडची गोळी चालू ठेवायची का? आणि लोहाची गोळी तिच्याबरोबर सकाळीच दिली तर चालेल का, म्हणजे विसरायला नको?

औषधवाला_नाशिकरोड

ताई, दोन्ही एकत्र अजिबात नको. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती अंगी लागत नाही. मध्ये किमान चार तास जाऊ द्या. थायरॉइडची गोळी पहाटे उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या-एक तासाने. लोह दुपारी किंवा रात्री. लोहाबरोबर चहा नको, लिंबूपाणी चालेल. पित्ताच्या गोळ्या कायम चालू असतील तर त्यानेही लोह कमी शोषलं जातं, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

कोणतीही गोळी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. काउंटरवर रोज बघतो, लोक गोळी कोरडीच टाकतात किंवा अंथरुणात पडल्या पडल्या एका घोटावर घेतात. लोहाची, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची, हाडांसाठीची अलेंड्रोनेटची गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होते आणि गिळताना कळा येतात. अलेंड्रोनेटनंतर तर अर्धा तास आडवं व्हायचंच नाही.

घसाडॉक्टर

बरोबर. शिवाय आईंना सध्या गिळायचाच त्रास आहे, तेव्हा लोह पातळ औषधातून किंवा शिरेतून देता येईल का हे विचारा. ७.६ ला शिरेतून देणं बऱ्याचदा सोयीचं पडतं. थायरॉइडची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, काही आठवड्यांनी टीएसएच बघून डॉक्टर ठरवतील.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लोह गेलं कुठे. पाळी थांबून वर्षं झालेल्या बाईचं लोह इतकं उतरतं तेव्हा पोटातून किंवा आतड्यातून रक्त जात नाही ना हे बघावंच लागतं. मूळव्याध असली तरी तिच्यावर ढकलून मोकळं होऊ नका, मोठ्या आतड्याची दुर्बीणही करून घ्या. आणि हा पडदा ज्यांना होतो त्यांना पुढे घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून बरं वाटलं तरी ठरावीक काळाने दाखवत राहायचं.

देवळालीचा_मुलगा

धाग्याच्या विषयाला धरूनच विचारतो. वडील ७१. पक्षाघाताचा झटका येऊन गेला, आता घरी आणलंय. उजवी बाजू लुळी. जेवण बऱ्यापैकी घेतात, पण पाणी पाजलं की ठसका लागतो. आई म्हणते पाणी तरी पोटात गेलंच पाहिजे, म्हणून चमच्या-चमच्याने पाजते. रात्री थोडी कणकण असते. थायरॉइड तपासू का?

वाचाउपचार

दादा, मी वाचा आणि गिळण्यावर उपचार करणारी थेरपिस्ट आहे. इथे थायरॉइडच्या मागे लागू नका. झटक्यानंतर गिळणं मंदावतं, आणि पाणी इतकं झरझर उतरतं की श्वासनलिका झाकली जाण्याआधीच तिच्यात शिरतं. म्हणून पातळ पाणीच सगळ्यात धोक्याचं. कणकण आहे म्हणता, तर उद्याच छाती तपासून घ्या, असं अन्न-पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. आणि प्रत्येकाला ठसका लागतोच असं नाही. काहींच्या फुप्फुसात मुकाट्याने जातं. गिळल्यावर आवाज ओला, गुरगुरल्यासारखा येत असेल तर तीही खूण समजा.

थेरपिस्ट प्रत्यक्ष बघेपर्यंत एवढं करा. खाटेवर टेकवून भरवू नका, पाठ सरळ ठेवून बसवा, पाय टेकलेले हवेत. टीव्ही बंद. लहान चमचा, डाव्या म्हणजे चांगल्या बाजूने भरवा, आणि आधीचा घास गिळला हे बघितल्याशिवाय पुढचा देऊ नका. जेवण झालं की उजव्या गालात अन्न साठलंय का ते बोट किंवा ओलं फडकं फिरवून बघा, त्यांना ते कळत नसतं. नंतर अर्धा तास बसूनच ठेवा. दोन्ही वेळा दात, जीभ स्वच्छ करा. तोंड घाण असलं तर तेच जंतू फुप्फुसात जातात.

गुरगुट्या भात एकजीव करून, घट्ट खीर, शिरा हे सोपं जातं. दूध-पोळी, मिसळ, ताकात कालवलेला भात अशी घट्ट-पातळ सरमिसळ सगळ्यात अवघड, कारण पाणी आधी पळतं आणि घास मागे राहतो. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, चिवडा सध्या पूर्ण बंद. पाणी किती घट्ट करायचं आणि हनुवटी खाली घेऊन गिळणं त्यांना जमेल का, हे तपासूनच ठरवावं लागतं. प्रत्येकाला एकच युक्ती लागू पडत नाही.

देवळालीचा_मुलगा

ताई, खूप आभार. आईला आत्ताच वाचून दाखवलं. एकच राहिलं, गोळ्या कुटून खिरीतून देतोय, ते चालेल ना?

वाचाउपचार

सगळ्या नाही. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आतड्यात सुटण्यासाठी वेष्टन असलेल्या गोळ्या कुटल्या तर औषध एकदम अंगावर येतं किंवा पोटातच वाया जातं. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे किंवा औषधवाल्याकडे जा, आणि कुठली कुटायची, कुठल्या गोळीऐवजी पातळ औषध मिळतं, हे प्रत्येक नावापुढे लिहून घ्या. तोवर गोळ्या पाण्याऐवजी घट्ट खिरीच्या चमच्यातूनच द्या, आणि छातीची तपासणी उद्या सकाळी नक्की.